फोटोत एकोणीस, नावं वीस

४ जानेवारी

मामा,

नमस्कार. वाकूनच करतेय, कारण अर्धे कागद टेबलाखाली उडालेत आणि मी ते गोळा करता करता तुला लिहितेय.

आई म्हणते फोन कर. पण मजकुराचं पार्सल तुझ्या छापखान्यात जायचंच आहे, मग चिठ्ठीही त्यातूनच जाऊ दे. शिवाय फोनवर तू नुसता "हं" म्हणतोस.

बातमी अशी, की यंदाच्या निरोपाच्या स्मरणिकेची संपादक मी आहे. लगेच कौतुक करू नकोस. निबंधात पहिली आलेली मुलगी परीक्षेपर्यंत घरात कोंडलेली आहे, म्हणून दुसरीला धरलं. दगडापेक्षा वीट मऊ.

वर्गात आम्ही त्रेचाळीस. आठवणी आल्या एकेचाळीस, आणि त्यातल्या तीसएक "शाळा म्हणजे आमचं दुसरं घर" इथून सुरू होतात. जो पहिल्या घरातून दोनदा पळून गेला होता तोही हेच लिहितो. शेवटी मी फळ्यावर लिहिलं, "गंमत असेल तरच लिहा." मग मात्र धरण फुटलं. भूगोलाचे सर पट्टा पोटाच्या बरोब्बर मध्यावर बांधतात, म्हणून त्यांचं नाव विषुववृत्त. चाचणीत "विषुववृत्त कुठून जाते?" याला आमच्या लंबूने "स्टाफरूममधून" असं उत्तर लिहिलं होतं आणि सरांनी अर्धा गुण दिला होता. प्रयोगशाळेतल्या सांगाड्याचं नाव महिनाभर हजेरीपटावर होतं. वर्गात शंभर टक्के उपस्थिती त्या एकट्याची.

पण मानाचं पान माझ्या लेखाचं. "सतरा मिनिटं." गेल्या वर्षी आमच्यातल्या एका थोर शास्त्रज्ञाने ऑफिसबाहेरचं भिंतीवरचं घड्याळ रोज एक मिनिट पुढे केलं. सकाळची घंटा घड्याळावर वाजत नाही, मोठ्या बाईंची गाडी फाटकातून आत आली की वाजते. पुढच्या सगळ्या घंटा मात्र घड्याळावर. त्यामुळे सतराव्या दिवशी पहिला तास सतरा मिनिटांनी लहान झाला, आणि तो गणिताचा! शाळाही सतरा मिनिटं आधी सुटली. गणिताचे सर, ज्यांना आम्ही बाकी शून्य म्हणतो, ते रोज म्हणायचे, "तुम्हा लोकांचा वेगच कमी." मनगटावर घड्याळं सगळ्या शिक्षकांच्या होती. पण शाळा लवकर सुटते अशी तक्रार करणारा शिक्षक अजून जन्माला यायचाय. सतराव्या दिवशी तपासणी अधिकारी शेवटचा तास पाहायला आले आणि रिकामी बाकं तपासून गेले.

वाचून हसलास की नाही ते प्रामाणिकपणे कळव.

तुझी भाची, आता संपादकीण

१३ जानेवारी

ठमे,

हसलो. बाजूच्या टेबलावरचा माणूस विचारायला आला, इतका हसलो. बावीस वर्षं तुमच्या शाळेची स्मरणिका माझ्या हाताखालून जातेय. बावीस वर्षांत "सोनेरी क्षण" मी इतक्यांदा तपासलेत की आता सोनं दिसलं तरी वेलांटी शोधतो. सांगाडा आणि विषुववृत्त ही पहिली जिवंत माणसं भेटली.

प्रुफं सोबत आहेत. लाल खुणा पाहून रडू नकोस. "आशिर्वाद" हा शब्द सहा जणांनी लिहिलाय आणि सहाही जणांनी चुकवलाय. वर्गाची एकी वाखाणण्यासारखी आहे.

तुझ्या लेखात एकच अडखळलो. मुद्रितशोधकाची खोड समज. घंटा वाजली, घंटा वाजली, घंटा वाजली असं तू अकरा वेळा लिहिलंयस. वाजवत कोण होतं? तपासणी अधिकारी गेले आणि लेख संपला. त्या घंटावाल्याचं पुढे काय झालं? वाचक विचारील. निदान मी तरी विचारतोय.

मामा

२२ जानेवारी

मामा,

वाचक काही विचारत नाहीत. वाचक आपलं नाव कुठल्या पानावर आहे तेवढं बघतात.

घंटाकाका होते. ते आता नाहीत शाळेत. निवृत्त झाले असतील. वय झालंच होतं. हे काही लेखात घालण्यासारखं नाही, लय बिघडते.

इथे त्याहून मोठं संकट आलंय. स्मरणिकेला समिती नेमली. समितीत विषुववृत्त, बाकी शून्य आणि मोठ्या बाई. म्हणजे आरोपींनाच न्यायाधीश केलं! परवा दोन तास बैठक झाली. "सर तासाला झोपायचे" याचं "सर तासाला चिंतनात मग्न असत" असं झालं. "डबे चोरून खाल्ले" याचं "वाटून खाण्याची सवय लागली." लंबूने लिहिलं होतं, "या शाळेने मला पायाच्या अंगठ्यावर उभं राहायला शिकवलं." ते आता "स्वतःच्या पायावर" झालंय. सांगाड्याला परवानगी मिळाली, पण हजेरीपट काढला. विषुववृत्त सर मात्र म्हणाले, "माझं राहू द्या. पण तो अर्धा नाही, पाव गुण होता." मला ते पहिल्यांदाच आवडले.

"सतरा मिनिटं" बाईंनी दोनदा वाचला. म्हणाल्या, "शीर्षक बदल. 'वेळेचे महत्त्व' कर." मी बरं म्हटलं आणि केलं नाही.

शिक्षक-कर्मचाऱ्यांचा फोटो आणि खालच्या ओळी ऑफिसातून थेट तुझ्याकडे येतील.

तुझी भाची

३१ जानेवारी

ठमे,

फोटो आला. नेहमीप्रमाणे मोजला. फोटोत माणसं एकोणीस, खाली नावं वीस. ऑफिसने गेल्या वर्षीच्याच ओळी पाठवल्या होत्या हे उघड होतं. पण नाव काढायचं कोणाचं? अंदाजाने कुणाला पुसणं हे काही आपलं काम नाही. म्हणून शाळेत फोन लावला.

लिपिक म्हणाले, "घंटावाल्यांचं काढा. ते नाहीत आता."

मी म्हटलं, "निवृत्त झाले का?"

"छे, सहा वर्षं होती अजून. काढलं त्यांना. वेळ कळेनाशी झाली होती. घड्याळ सतरा मिनिटं पुढे गेलं तरी पत्ता नाही. अहवालात तसं लिहून द्यावं लागलं."

फोन ठेवला आणि तुझा लेख पुन्हा वाचला. या खेपेला हसू आलं नाही.

तुझ्यावर मी रागावलेलो नाही. तुला हे माहीत नसणार, नाहीतर तू असं लिहिलं नसतंस. पण तुमचा तो लंबू. उंची बघता घड्याळापर्यंत हात त्याचाच पोचणार. त्याला माझा निरोप सांग. अंगठ्यावर उभा राहिलास तेवढं पुरे झालं, आता सरळ उभा राहा आणि जे केलंस ते कबूल कर. आपल्या मस्करीने एका माणसाची नोकरी गेली आणि हा वर स्वावलंबनावर चार ओळी लिहून देतो!

वीस तारखेला छपाईला घेणार आहे. तोवर काय ते कळव.

मामा

१२ फेब्रुवारी

मामा,

उत्तराला उशीर झाला. चारदा लिहिलं आणि चारदा फाडलं. आईला वाटतंय माझं डोकं परीक्षेमुळे दुखतंय.

लंबूला निरोप दिला नाही. घड्याळ त्याने नाही हलवलं. मी हलवलं.

माझा हात पोचत नव्हता, म्हणून स्टूल घेत होते. सकाळी घंटेच्या आधी, ऑफिस रिकामं असतं तेव्हा. तिसऱ्या दिवशी घंटाकाकांनी मला पाहिलं. मी स्टुलावर होते आणि ते खाली. म्हणाले, "पोरी, काय चाललंय?" मी म्हटलं, "काका, घड्याळ मागे पडतंय, बरोबर करतेय." ते म्हणाले, "असं होय? मला सांगायचं. पडशील, ते स्टूल एका पायाने लंगडं आहे." आणि त्यांनी स्टूल धरलं. नंतर चौदा दिवस मी चढत होते आणि ते स्टूल धरत होते. एकदा तर मी विसरले तेव्हा तेच वर्गाच्या दारात आले, "आज घड्याळ नाही बघायचं का?"

वर्गात सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त हसले. हा प्रसंग मी लेखात आधी घातला होता. सगळ्यांत विनोदी तोच होता, मामा. मग मीच काढला.

तपासणीनंतर बाई वर्गात आल्या. "ज्याने केलं त्याने उभं राहावं." त्रेचाळीस जण बसून राहिलो. काका दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "घड्याळ मागे पडत होतं, बाई. मुलांचा काही संबंध नाही." ते मला वाचवत होते, की त्यांना खरंच तसं वाटत होतं, ते मला अजून कळलेलं नाही. आठवडाभराने घंटा दुसरंच कुणीतरी वाजवायला लागलं. आम्ही म्हणालो, नवीन माणसाला ताल नाही.

ते निवृत्त झाले नाहीत हे मला ठाऊक होतं. तुला खोटं लिहिलं.

आता लेख काढून टाक. त्या जागी बाईंचा "वेळेचे महत्त्व" घाल, नाहीतर फुलाचं चित्र घाल.

भाची

१६ फेब्रुवारी

ठमे,

लंबूची माफी मागतो. उंचीवरून माणूस ओळखायला गेलो.

तुला काय लिहावं याचा दोन दिवस विचार केला. "होतं असं वयात" असं लिहिणार होतो, पण ते बाईंच्या समितीने तपासल्यासारखं वाचलं जातं. वाईट केलंस. मस्करी केलीस ते एक वेळ ठीक, पण गप्प बसलीस ते वाईट. आणि आता फुलाचं चित्र घालून दुसऱ्यांदा गप्प बसायला निघाली आहेस.

लेख काढणं अगदी सोपं आहे. माझा लाल पेन दोन रेघा मारतो आणि पान मोकळं होतं. पण त्यामुळे काका शाळेत परत येणार नाहीत, फक्त फोटोखालून त्यांचं नाव जाईल.

छापायचं की नाही हे मी ठरवणार नाही, तूही नाही. ज्याच्यावर वर्ग हसला त्याला विचार. पत्ता लिपिकाकडून घेतलाय, सोबत आहे. एकटी जायला धीर नसेल तर त्या लंबूला ने. छपाई पंचवीस तारखेपर्यंत थांबवतो. मालकाला सांगितलंय, मशीन खोकतंय.

मामा

२० फेब्रुवारी

मामा,

जाऊन आले. लंबू आला होता, पण बाहेरच्या पायरीवर बसला. म्हणाला, "मी हवा खातो."

काका आता दातांच्या दवाखान्यात असतात. घंटेऐवजी नंबर पुकारतात. मी आत गेले तर त्यांनी न बघताच माझ्या हातात अकरा नंबर ठेवला. मीही बसले. चाळीस मिनिटं बसले, मामा. माझ्या बाजूला सुजलेल्या गालाची माणसं बसली होती. नववा गेला, दहावा गेला. मग त्यांनी पुकारलं, "अकरा," आणि वर पाहिलं.

"तू होय! कुठला दुखतोय?"

"दात नाही दुखत, काका. घड्याळ मी पुढे करत होते. मागे पडत नव्हतं."

त्यांनी बारा नंबरला आत पाठवलं. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. पहिल्या दिवसापासून, सगळं.

मला वाटलं होतं ते ओरडतील, नाहीतर "जाऊ दे पोरी" म्हणतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. म्हणाले, "म्हणजे माझं डोकं ठीक होतं?" मला कळलंच नाही. म्हणाले, "बाई म्हणाल्या, तुमचं वय झालं, तुम्हाला वेळ कळत नाही. मला वाटलं, झालंही असेल. त्या दिवसापासून मी बायकोला दिवसातून दहा वेळा विचारतो, किती वाजले. चष्मा दोनदा बदलला. गॅस बंद केला का ते बघायला तीनदा परत जातो. मुलगी म्हणते, बाबांना एकट्याला बाहेर पाठवू नका. इथे नंबर आहेत म्हणून जमतं. एकनंतर दोनच येतो, त्यात चूक होत नाही."

मामा, आम्ही त्यांची फक्त नोकरी घालवली असं मला वाटत होतं.

मी म्हटलं, "काका, मी माफी मागायला आलेय."

"ती माग नंतर. आधी लिहून दे."

"काय?"

"हेच. की घड्याळ बरोबर होतं, मीही बरोबर होतो, आणि तू डांबरट होतीस. छापलेलं दे. हाताने लिहिलेलं बायको मानणार नाही, म्हणेल तुम्हीच कुणाकडून तरी लिहून घेतलं."

मी म्हटलं, स्मरणिकेत छापते, पण सगळा विनोद काढून नीट गंभीर लिहीन. तर माझ्यावरच उखडले. "गंभीर कोण वाचतं? स्टुलाचं लिही. मी दारात येऊन विचारलं तेही लिही. गंमत तर होतीच की. गमतीची शिक्षा मला झाली एवढंच."

कालचा पूर्ण दिवस पुन्हा लिहिण्यात गेला. आज मोठ्या बाईंना भेटून सगळं सांगितलं, आणि नवीन लेख त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "अहवाल वर जाऊन वर्ष होत आलं. आता तुझं खरं धरलं तर अहवाल खोटा ठरेल."

मी म्हटलं, "हो."

"प्रामाणिकपणा हा मोठा गुण आहे. तो स्मरणिकेतच दाखवायला हवा असं नाही. तुझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीचा रकाना असतो, माहीत आहे ना? पुढच्या प्रवेशाला तो बघतात."

मी म्हटलं, "हो," आणि तिथेच खुर्चीत बसले. त्यांनी बसायला सांगितलंही नव्हतं.

लेख पाठवतेय. बाईंची सही असल्याशिवाय तू छापू शकत नाहीस, आणि त्या सही करणार नाहीत. पण काकांना शब्द दिलाय, म्हणून पाठवतेय.

भाची

२७ फेब्रुवारी

ठमे,

नियमाप्रमाणे शेवटची प्रुफं मोठ्या बाईंना पाठवली होती. चोरून छापणं मला जमत नाही. तुझ्या लेखावर वेगळा कागद टाचून ठळक लिहिलं होतं, "हे पान कृपया स्वतः वाचावे." नंतर कुणी म्हणायला नको, नजरचुकीने गेलं.

काल प्रुफं परत आली. पहिल्या पानावरचं बाईंचं मनोगत त्यांनी पाचव्यांदा बदललंय. "उज्ज्वल" भविष्य आता "अत्यंत उज्ज्वल" झालंय. फोटोखालच्या ओळींना हात लावलेला नाही. शेवटच्या पानावर सही आहे.

मला वाटलं, बघितलंच नसेल, डोळे मिटून सही ठोकली. म्हणून तुझा लेख उघडला. टाचलेला कागद काढून बाजूला ठेवलेला. तीन पानं स्वच्छ. तिसऱ्या पानाच्या तळाशी तू लिहिलंयस, "ही चूक त्यांची नव्हती." तिथे "चुक" असं पडलं होतं आणि ते माझ्या नजरेतून निसटलं होतं. बाईंनी हिरव्या शाईने तो उकार दीर्घ केलाय.

म्हणजे त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मी त्यांच्याबद्दल बावीस वर्षांत जे काही बोललो असेन, त्यातलं थोडं मागे घेतो. सगळं नाही.

मशीनचा खोकला बरा झालाय. छापतोय. फोटोखाली नावं वीसच ठेवलीत, आणि खाली एक ओळ टाकलीय, "एक जण फोटोच्या वेळी बाहेर."

मामा

१८ मार्च

मामा,

निरोप समारंभ झाला. भाषणं चौदा झाली. बाकी शून्य सरांनी आम्हाला आकाशाला गवसणी घालायला सांगितली आणि खाली उतरताना माईकच्या वायरला अडखळले. स्मरणिका वाटल्या तेव्हा सगळ्यांनी आधी आपापलं पान शोधलं. मग कुणीतरी माझा लेख वाचायला घेतला आणि मागच्या ओळीतून हसू यायला लागलं. स्टुलापर्यंत सगळे हसत होते. दाराशी काका येतात तिथेही हसले. त्यापुढे हळूहळू आवाज कमी होत गेला. लंबू तर उठून पाणी प्यायला गेला आणि परत आलाच नाही. दोन मुली माझ्याशी बोलत नाहीत. म्हणतात, शेवटच्या दिवशी मूड घालवला. विषुववृत्त सर जाता जाता माझ्याजवळ थांबले. म्हणाले, "माझं घड्याळ बरोबर होतं तेव्हा. मला माहीत होतं." एवढंच म्हणाले आणि पट्टा वर ओढत निघून गेले.

दाखला मिळाला. वर्तणूक : "समाधानकारक." बाकी बेचाळीस जणांची "उत्तम." आई रडली. मग तिने स्मरणिका वाचली आणि पुन्हा रडली, पण दाखल्यावरून पुढे एक अक्षर बोलली नाही. प्रवेशाच्या वेळी विचारलं तर काय सांगायचं ते अजून ठरवलेलं नाही.

शाळेने काकांना परत बोलावलं नाही. अहवालही तसाच आहे. त्यांना एक पत्र मात्र गेलंय, "सेवाकाळात आपण वेळेचे अत्यंत काटेकोर होता," असं. खाली हिरव्या शाईची सही. काका म्हणाले, परत बोलावलं असतं तरी गेलो नसतो, इथे बसायला खुर्ची आहे.

काल त्यांना स्मरणिका नेऊन दिली. दवाखाना गच्च भरला होता. त्यांनी चष्मा पुसला, पान उघडलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले. ओठ हलत होते. मध्येच एकदा फसकन हसले. तेरा नंबरची बाई आतून बाहेर आली, गाल धरून निघून गेली. ते वाचतच होते. चौदा नंबरचे आजोबा उठून उभे राहिले, इकडेतिकडे पाहिलं, पुन्हा बसले.

शेवटी डॉक्टरच दार उघडून बाहेर आले. हातांत रबरी मोजे, तोंडावर मास्क.

"काका, पुढचा नंबर?"

काकांनी मान वर केली नाही. "थांबा जरा," ते म्हणाले, "दीड पान राहिलंय."

डॉक्टरांनी मोजे काढले. मग माझ्या बाजूची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर येऊन बसले.

तुझी भाची